तीन बोटांची उंची

वयनी, रडणं मागाहून. आधी आपलं भांडण पुरं करू.

तुझ्या तेराव्याचं कार्य होऊन पाच दिवस झाले. पाहुणे आपापल्या घरी गेले, मागून आणलेली पातेली परत गेली, आणि दादा पडवीत बसून कालचाच पेपर पुन्हा वाचतो. मला मात्र एका जागी बसवत नाही. घरात असले की गोडाऊनला जावंसं वाटतं, गोडाऊनला गेले की घरी यावंसं वाटतं. परवा शिफ्टमध्ये मी दोन खोके भलत्याच रॅकला लावले. साहेब काही बोलला नाही, म्हणून जास्त राग आला. तुझी खुर्ची काल घरातून गेली. कुठे गेली ते सांगते, पण ओळीने सांगते. तू मध्ये बोलू नकोस. उभ्या जन्मात तू माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, आज तरी होऊ दे.

दहा वर्षांपूर्वी मी सासरहून बॅग घेऊन परत आले तेव्हा तू दारात पीठ चाळत होतीस. काय झालं, कुणाचं चुकलं, परत कधी जाणार, एक शब्द विचारला नाहीस. चाळणी माझ्या हातात दिलीस आणि आत जाऊन भाताचं आधण वाढवलंस. दादाला म्हणालीस, नंदा आता इथंच ऱ्हायाची हाय, तिला दापोड्याच्या गोडाऊनला काम बघ. माझ्या लग्नात धवले तूच गायली होतीस. लग्न टिकलं नाही तेव्हा शेजारणी काहीबाही बोलल्या, तर त्यांना म्हणालीस की गाणं चांगलं होतं, नवरा वाईट निघाला. लोक म्हणतात नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं नातं. आपलंही रोज वाजायचं, भाजीतल्या मिठावरून वाजायचं. पण तू मला या घरात जागा दिलीस, आणि मला तुला एक खुर्ची धड देता आली नाही. हे मला घास गिळू देत नाही.

तू जाडी होतीस. मी सरळ लिहिते आहे, कारण तूही ते कधी लपवलं नाहीस. आयने मना तांदलावर वाढवली, मोजून न्हाय वाढवली, असं तूच सांगायचीस आणि हसलीस की पलंग हलायचा. उंचीने ठेंगणी, माझ्या खांद्याला तुझं डोकं लागायचं. तेवढं शरीर घेऊन तू चाळीस वर्षं गावोगावच्या लग्नांत हिंडलीस. आपल्यात भट येतो तो घटकाभर. हळद, देवक, मांडव, चौक, नवरीला उठवणं-बसवणं, हे सगळं पुढे नेते ती धवलारीण. गाता गाताच ती बायकांना कामाला लावते, हे आण, ते उचल, दिवा इकडे ठेव. धवलारणीला एका जागी बसून चालत नाही. हळद कुटायच्या उखळापाशी ती लागते, देवापाशी ती लागते, चुलीपाशी ती लागते. तुझ्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा तुझा गळा शाबूत होता, पाय तेवढे थांबले. आधी काठी आली, मग वॉकर आला, मग पलंग ते मोरी एवढंच उरलं, तेही माझ्या आणि दादाच्या खांद्यांवर.

त्यात रेश्माचं लग्न ठरलं. आपल्या चुलतदादाची पोर. ती पाळण्यात होती तेव्हाच तू तिच्या आईला शब्द दिला होतास की हिची हळद मीच लावणार. मी दोन वर्षं चाकाच्या खुर्चीचं म्हणत होते आणि तू मला हाकलत होतीस. लग्नाचं कळलं त्या दिवशी तू स्वतःहून म्हणालीस, नंदे, खुर्ची आणा.

माझी तर छाती फुगली. आमच्या गोडाऊनला दवाखान्याचा माल येतो, असल्या खुर्च्यांचे खोके मी किती वर्षं मोजून घेतले आहेत. मला सगळं ठाऊक होतं. साधी खुर्ची शंभर किलोपर्यंत. त्यावर भारी माणूस बसलं की महिन्याभरात पुढची चाकं फाकतात आणि बैठकीची झोळी होते. मोठ्या माणसांची खुर्ची निराळी असते. नळी जाड, खाली एकमेकींवरून जाणाऱ्या नळ्यांची कैची दुहेरी, बैठकीचं कापड दुपदरी, आणि बाजूचे हात काढता येतात, म्हणजे पलंगावरून सरकून बसता येतं. हे मी तुला साग्रसंगीत ऐकवलं. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पाय भुईला लागाला पायजेत." मी म्हटलं, हो गं, लागतील. आणि विसरले.

वजन कळल्याशिवाय खुर्ची घेता येत नाही. दवाखान्यातल्या काट्यावर तुला उभं राहता येत नव्हतं. तर रविवारी गोडाऊनला सुट्टी असते, माझं काम कुठे चालतं ते तुला दाखवते, असं सांगून मी तुला रिक्षात घातलं. मागे तू एकटी, मी ड्रायव्हरच्या शेजारी. आणि दापोड्याला, ज्या काट्यावर आम्ही अख्खा लादलेला माल चढवतो, त्या काट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून तुला बसवलं. काटा जमिनीलगत, चढावं लागत नाही, मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक. वॉचमनने लांबून आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला. एकशे एक्केचाळीस. तू इकडे तिकडे पाहिलंस, मग हसलीस, म्हणालीस की खुर्चीचं वजा कर ना गं, तेवढंच हलकं वाटंल. वॉचमनही हसला. येताना नाशिक हायवेच्या ट्रकांच्या रांगेत रिक्षा अर्धा तास अडकली आणि तू पदर तोंडावर ओढून बसलीस. मला वाटलं, उन्हाने. नवऱ्यामुलींना हळद लावणाऱ्या बाईला मी मालाच्या काट्यावर बसवलं, वयनी. हे मला त्या दिवशी दिसलंसुद्धा नाही.

मग मापं. माणूस बसलं की मांड्या पसरतात, म्हणून माप उभ्याचं नाही, बसल्याचं घ्यायचं, हे मला माहीत होतं. तुला पलंगाच्या कडेला बसवून मी टेप लावली. मांड्यांची रुंदी घेतली, पाठीपासून गुडघ्यापर्यंत घेतलं. मग घरातली दारं मोजली. बैठक रुंद असली की तिच्या बाहेर दोन्हीकडे चाकं येतात, वीतभर जास्तीची जागा लागते. पुढचं दार बसत होतं, मोरीचं बसत नव्हतं. दादाने गवंडी आणून मोरीची चौकट फोडली. तीन दिवस घरभर सिमेंटची धूळ, भाकरीतसुद्धा कचकच. आणि मी आळीभर सांगत फिरले की आमच्या वयनीची खुर्ची दोनशे किलोची हाय. टाचेपासून गुडघ्यापर्यंत तुझा पाय केवढा, एवढं एक माप मात्र राहिलं. आम्ही गोडाऊनवाले, आम्हाला लोड कळतो आणि दार कळतं.

खुर्ची आली. काळी, जाड नळ्यांची, दणकट. तू बसलीस. कुठे रुतलं नाही, कुठे घासलं नाही, कापड जागचं हललं नाही. दादाचा चेहरा असा खुलला की काय सांगू. तू खाली बघत होतीस. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला सारायला लावल्यास आणि पाय सोडलेस. ते भुईच्या तीन बोटं वर राहिले. तू अंगठे ताणून बघितलेस. मग हात चाकांकडे नेलेस, तर एवढ्या रुंद खुर्चीत तुझे आखूड हात चाकाच्या कडीला नुसते टेकत होते, जोर लागत नव्हता.

"नंदे," तू म्हणालीस, "मना सोताला सरकता येत न्हाय."

मी म्हटलं, आम्ही कशाला आहोत मग, आम्ही ढकलू. तू पुन्हा म्हणालीस की पाय भुईला हवेत. दुसऱ्या दिवशी मी देवघरातला पाट आणून तुझ्या पायांखाली ठेवला. टेकले ना पाय, झालं तर. तू पाटाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि पायानेच तो बाजूला लोटलास. मी चिडले. म्हटलं, एवढी बाई पण नखरे नवरीचे. दुकानात फोन करून विचारावं, हे काही सुचलं नाही. खोक्यात खुर्चीची माहिती छापलेली एक वही आली होती, ती मी खोक्यासकट भंगारात दिली. मला कशाला हवी वही, मला सगळं ठाऊक होतं.

रेश्माच्या हळदीला दुपारीच मी तुला घेऊन गेले. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, अंगावर होतं नव्हतं ते सोनं. मांडवात शिरताच लोक बाजूला झाले, या या म्हणाले. मी चांगली जागा बघून तुला कूलरसमोर नेलं आणि ब्रेक लावले. उकाडा होता, तुला त्रास नको. बायका येऊन पाया पडून गेल्या. हळदीचा चौक पार दुसऱ्या टोकाला होता, उखळही तिकडेच. तू मला हाक मारलीस म्हणे, पण मी वाढपाकडे गेले होते. रेश्माच्या आईला हाक मारलीस, तिला स्पीकरपुढे ऐकू गेलं नाही. उखळापाशी बायका जमल्या, गाणं कुणीतरी सुरू करायला हवं, म्हणून पलीकडच्या गावाहून आलेल्या एका तरण्या धवलारणीने सुरू केलं. ती काही वाईट गायली नाही. मी ताट घेऊन आले तेव्हा तुझे ओठ हलत होते, तिच्याबरोबर ओळ न् ओळ. मला वाटलं, खुशीत आहे. तू ताटाला हात लावला नाहीस, त्यालाही मी काहीतरी कारण शोधलं असेल.

घरी आल्यावर तू म्हणालीस, ही खुर्ची परत कर.

इथून पुढचं तुला पाठ आहे, तरी सांगते. मी म्हटलं, तुझ्यापायी चौकट फोडली, मी रजा टाकल्या, ढकलून ढकलून कंबर गेली, आणि तुला त्याचं काही नाही. तू म्हणालीस, ढकल म्हनून कोन बोललं? मग मी ते बोलले. "तुला खुर्ची नको असं नाही. तुला लोकांत बसायची लाज वाटते. सरळ बोल ना तसं."

 तुझ्यासारख्या बाईने आवाज चढवला नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. तू म्हणालीस, "माझं वजन केलंस, माप घेतलंस, दाराची चौकट फोडलीस. मना कुठं जायाचं हाय, ते इचारलंस का?"

मी म्हटलं, कुठे जायचंय सांग, मी नेते. तू मला हात जोडलेस आणि भिंतीकडे तोंड केलंस. मला माझं उत्तर बिनचूक वाटत होतं. कालपर्यंत वाटत होतं.

ते भांडण तिथेच राहिलं. आपण बोलत नव्हतो असं मुळीच नाही. सुकटीचं कालवण, दादाच्या खोकल्याची गोळी, शेजारणीची नवी सून, सगळ्यावर बोललो. खुर्ची पडवीत उभी, तिच्या पाठीवर मी ओले टॉवेल टाकायची. तू पलंगावर. धवले शिकायला दोन पोरी येतो म्हणाल्या होत्या, त्यांना तू नको म्हणालीस. लोक म्हणाले, वयामुळे. तो लाजेचा शब्द मागे घ्यावा असं मला कितीदा वाटलं. पण आधी तू खुर्चीत बसून दाखव, मग मी घेते, असं माझं चाललं होतं. तुझंही मनात काही असेल. दोघी सारख्याच, सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. सात महिने गेले गं त्यात. सात महिने म्हणजे काही थोडे नाहीत.

त्या दिवशी मी ड्युटीला निघाले तेव्हा तू म्हणालीस, नंदे, जरा बस. मी म्हटलं, गाडी चुकेल, संध्याकाळी बसू. दुपारी दादाचा फोन आला. कदाचित डाळ संपली एवढंच तुला सांगायचं असेल. कदाचित काहीच नसेल. पण मी आता रोज त्या वेळेला तुझ्या पलंगाशी जाऊन बसते आणि गाडी खरंच चुकते.

काल सलीमभाई आला. आपल्या घरामागच्या कापडाच्या शेडमधल्या लूमचा मिस्त्री, तुझ्या हातच्या भाकरीवर हक्क सांगणारा. तो धामणकर नाक्याजवळ आईला घेऊन राहतो. आई तुझ्यासारखीच, भरलेली आणि बुटकी, वर्षभर खोलीबाहेर पडलेली नाही. तुझं कार्य होईपर्यंत तो थांबला, मग दादाकडे चाचरत विषय काढला. दादा म्हणाला, घेऊन जा बाबा, आमच्याकडे आता कोण बसणार. मी मध्ये पडले. म्हटलं, सलीमभाई, नेऊ नका. ही खुर्ची उंच आहे. तुमच्या आईचे पाय लटकतील, तिला स्वतःला हलता यायचं नाही, आमच्या वहिनीचे फार हाल झाले हिच्यात.

बघ, वयनी. किती सहज बोलले मी. तू जे पहिल्या दिवसापासून सांगत होतीस ते मी परक्या माणसाला एका दमात सांगितलं. म्हणजे मला कळत होतं. तुझ्यासमोर तेवढं कळून घ्यायचं नव्हतं.

सलीमभाईने खुर्ची उलटी केली. लूमखाली घुसतो तसा वाकला आणि म्हणाला, "दीदी, ये तो नीचे हो जाती है." मागच्या मोठ्या चाकाचा दांडा जिथे बसतो, त्याच्या वर आणखी एक भोक होतं. पुढच्या छोट्या चाकांनाही होतं. कंपनीने मुद्दाम ठेवलेलं होतं, ठेंगण्या माणसांसाठी, पायाने खुर्ची चालवणाऱ्यांसाठी. त्याने टेम्पोतून पाना आणला. दादाने ठेवलेला चहा उकळायच्या आत काम झालं. मी खाली बसून बोटं लावून बघितली. तीन बोटं. बरोबर तीन.

मी त्याला विचारलं, हे सगळ्यांना माहीत असतं का. तो म्हणाला, उलटा करके देखना पडता है. त्याने टोमणा मारला नाही, आपलं सरळ सांगितलं. तो माणूस आठवड्यातून दोनदा आपल्या शेडवर येत होता. तुझ्या पलंगापासून शेड पन्नास पावलं. मी त्या खुर्चीची धूळ पुसली, तिच्यावर टॉवेल वाळत घातले, तिला शिव्या दिल्या. उलटी नाही केली.

मग मी टेम्पोत बसून त्याच्याबरोबर गेले. का गेले ते मला विचारू नकोस. त्याच्या आईला आम्ही पलंगावरून सरकवून बसवलं. तिचे दोन्ही पाय फरशीला टेकले. तिने आधी टाच रोवली, मग पाय मागे ओढला, आणि खुर्ची वीतभर पुढे गेली. ती थांबली, मुलाकडे बघितलं. पुन्हा टाच रोवली. अशी करत करत दारापर्यंत आली. दाराशी फरशी जरा उंच आहे, तिथे चाक अडलं, म्हणून मी सवयीने मागून दांड्याला हात लावला.

"छोडो बेटी," ती म्हणाली, "मैं जाती हूँ ना." आणि मागे न बघता माझा हात बाजूला केला.

दोनदा धडपडली, तिसऱ्यांदा चाक वर चढलं. ती गल्लीत गेली. लूमच्या खडखडाटात समोरच्या बाईला ओरडून हाक मारली आणि तिच्या दाराशी जाऊन थांबली, तिला हवं होतं तिथे. मी त्यांच्या उंबऱ्यात चपलांजवळ बसले आणि रडले. तुझ्या कार्यात मी रडले नाही म्हणून बायकांनी नावं ठेवली, आणि रडले ती परक्याच्या दारात. सलीमभाई बिचारा घाबरला, पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला. 

तुला लाज वाटत नव्हती, वयनी. तुला उखळापाशी जायचं होतं. तिथून देवापाशी, तिथून चुलीपाशी, गाणं जिथे नेईल तिथे, कुणाला हाक न मारता. तो शब्द मी मागे घेते. तू खुर्चीत बसून दाखवायची काही गरज नाही, मी असाच घेते. चुकले मी. आता जिथे असशील तिथे तुला हवं तिकडे जा. मी मागून हात लावणार नाही.